हौद घेताय? आधी खोली विचारा!

दोस्तांनो, वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर संपतो न संपतो तोच घराघरांत एक हट्ट सुरू होतो. "बाबा, यंदा आपण घरी स्विमिंग पूल घ्यायचाच!" दुकानाबाहेर मांडलेले ते निळे, फुगवलेले, माशांची चित्रं असलेले पूल दिसले की पाय पुढे निघतच नाहीत. बरं, यासाठी अंगण खणायला नको की फरशा बसवायला नकोत. खोक्यातून काढायचा, जमिनीवर मांडायचा, पाणी भरायचं की मजा सुरू!

हट्ट काही वाईट नाही. मे महिन्याच्या दुपारी पाण्यात डुंबण्यासारखं सुख नाही, हे मोठ्यांनाही ठाऊक असतं. पण नुसतं "हवाच!" म्हणून पाय आपटलेत तर उत्तर काय मिळणार, ते तुम्हांला माहीतच आहे. त्यापेक्षा नीट अभ्यास करून गेलात, तर तुमच्या बोलण्याला वजन येईल. आणि गंमत म्हणजे, या खरेदीत सगळ्यात मोठा प्रश्न वजनाचाच आहे!

आपण या पूलला आपला साधा शब्द वापरू या. हौद. वाड्यात असायचा, तबेल्यात असायचा, तसा हा आपला घरी मांडायचा हौद.

दुकानात गेलं की लोक काय विचारतात? रंग कोणता, घसरगुंडी आहे का, सोबत चेंडू फुकट आहे का. तुम्ही मात्र पहिला प्रश्न असा विचारा: "पाणी भरल्यावर खोली किती?" या एका उत्तरात चार उत्तरं दडलेली आहेत. हौद किती जड होणार, पाणी किती लागणार, ते स्वच्छ कसं ठेवायचं आणि धोका किती. कसं ते बघू या.

हौद किती प्रकारचे?

साधारण तीन प्रकारचे हौद आपल्याकडे मिळतात.

पहिला, छोटा फुगवायचा हौद. एकावर एक ठेवलेल्या हवेच्या दोन-तीन कड्या म्हणजे त्याच्या भिंती. पाणी वीत-दीड वीत खोल. लहान मुलं आत बसून खेळतात.

दुसरा, एकाच कडीचा हौद. याच्यात फक्त वरच्या काठाला हवेची जाड कडी असते. खालचं सगळं जाड प्लॅस्टिकचं कापड. पाणी भरायला लागलं की ती कडी तरंगत वर येते आणि आपल्याबरोबर भिंतीही वर ओढते. म्हणजे हा हौद स्वतःच्या पाण्याच्या जोरावर उभा राहतो. आहे की नाही युक्ती?

तिसरा, सांगाड्याचा हौद. धातूच्या नळ्या एकमेकींत अडकवून चौकट उभी करायची आणि तिच्यात कापड ताणून बसवायचं. हा जास्त मजबूत, जास्त खोल आणि अर्थातच जास्त महाग. अमेरिकेत घरामागच्या मोकळ्या आवारात असे चार-चार फूट उंचीचे हौद खूप दिसतात. तिथे जागा ऐसपैस. आपल्याकडे मात्र "अंथरूण पाहून पाय पसरावे" ही म्हण हौदालाही लागू पडते.

एक सेंटिमीटर म्हणजे दहा किलो

आता कागद-पेन्सिल घ्या. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशा जागेत फक्त एक सेंटिमीटर पाणी साचवलं तर ते होतं १० लिटर, म्हणजेच १० किलो. हे सूत्र पाठ करून टाका: खोलीचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे चौरस मीटरला १० किलो.

पाणी २५ सेंटिमीटर खोल असेल तर चौरस मीटरला २५० किलो. ६० सेंटिमीटर असेल तर ६०० किलो. हौद लहान असो की मोठा, गोल असो की चौकोनी, जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर पडणारा भार खोलीवरच ठरतो.

आता एकूण पाणी काढू. गोल हौदासाठी पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले खोली. शाळेत शिकलात ना? छोट्या हौदाचा व्यास दीड मीटर आणि पाणी २५ सेंटिमीटर धरलं, तर ते होतं सुमारे ४४० लिटर. मोठ्या हौदाचा व्यास ३ मीटर आणि पाणी ६० सेंटिमीटर धरलं, तर सुमारे ४,२४० लिटर! व्यास फक्त दुप्पट, पण पाणी जवळजवळ दहापट. आणि वजन? सव्वाचार टन. आपल्याकडचा पूर्ण वाढ झालेला मोठा हत्ती साधारण एवढ्याच वजनाचा असतो. म्हणजे तो सुंदर निळा हौद घरी आणायचा म्हणजे हत्ती आणून बसवण्यासारखंच आहे. कुठे बसवणार, सांगा पाहू?

गच्ची की अंगण?

"गच्चीवर!" असं बरेचजण म्हणाले असतील. थांबा. आपल्या देशात इमारतींवर किती भार धरायचा याचं भारतीय मानक आहे. लोकांची ये-जा असणाऱ्या सपाट गच्चीवर माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला सुमारे १५० किलोचा भार येईल, असं त्यात धरलेलं असतं. आता आपलं सूत्र लावा. १५० किलो म्हणजे किती खोली? फक्त १५ सेंटिमीटर! जेमतेम तुमच्या पोटरीच्या मध्यापर्यंत. शिवाय तुम्ही मित्रांसह आत उतरलात की तुमचं वजन वेगळंच.

याचा अर्थ सोळावा सेंटिमीटर भरताच स्लॅब कोसळेल असा नाही. इंजिनिअर लोक सुरक्षिततेसाठी थोडी जादा ताकद राखून ठेवतात. पण ती ताकद भूकंप, गंजलेलं लोखंड आणि बांधकामातल्या उणिवा यांच्यासाठी असते, आपल्या हौदासाठी नाही. जुन्या इमारतीत तर गच्चीवर गळती थांबवायला कोब्याचे थरावर थर घातलेले असतात. त्यांचंही ओझं स्लॅब वाहतच असतो.

कुणी हुशार वाचक विचारेल, "मग गच्चीवर पाण्याच्या हजार लिटरच्या टाक्या कशा काय असतात?" शाबास! प्रश्न अगदी योग्य आहे. त्या टाक्यांची जागा इमारत बांधतानाच ठरवतात आणि त्या शक्यतो खांब आणि तुळयांवर येतील अशा बसवतात. स्लॅबच्या मधोमध कुणी ठेवत नाही. म्हणून नियम असा: स्ट्रक्चरल इंजिनिअरने होकार दिल्याशिवाय गच्चीवर हौद नको. सोसायटीत राहत असाल तर तिची परवानगीही हवीच. खाली कुणाचं तरी घर आहे, विसरू नका. आणि भिंतीच्या बाहेर काढलेल्या गॅलरीत तर मुळीच नको.

अंगण असेल तर उत्तम. पण तिथेही जागा पारखून घ्यावी लागते. जमिनीखालची पाण्याची टाकी किंवा सेप्टिक टँक यांच्या झाकणावर नको. विजेच्या तारांखाली नको. नारळाखाली तर नकोच. कारण सांगायला हवं का? दगड, काटे, मुळांचे खुंट काढून टाका आणि खाली जाड ताडपत्री अंथरा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जमीन सपाट हवी. पाणी आपली पातळी सोडत नाही. जमीन एका बाजूला ५ सेंटिमीटर उतरती असली, तर त्या बाजूला पाणी ५ सेंटिमीटर जास्त खोल होतं आणि तिथल्या भिंतीवर दाब वाढतो. एका कडीचा हौद अशा वेळी उताराकडे फुगत जातो, आणि एकदा का काठ दबला की टनावारी पाणी लोंढ्यासारखं बाहेर येतं.

करून बघा: एक लांब पारदर्शक नळी घ्या. ती पाण्याने भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. नळीचं एक टोक तुम्ही धरा, दुसरं मित्राला अंगणाच्या पलीकडच्या टोकाला धरायला सांगा. दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत थांबेल. आता दोघांनी पाण्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. जितका फरक, तितका उतार. गवंडीकाका घर बांधताना असंच करतात.

पाणी आणायचं कुठून?

घरी १५ लिटरची बादली असेल. छोट्या हौदाला अशा सुमारे ३० बादल्या, तर मोठ्याला २८३! नळाला मिनिटाला १० लिटर पाणी येत असेल तर मोठा हौद भरायला सात तास लागतील. तुमच्याकडे नळाला पाणी किती तास असतं? बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा आणि तुमच्या घरचं गणित तुम्हीच करा.

शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागतं, असं धरून पाणीपुरवठ्याच्या योजना आखतात. चौघांच्या कुटुंबाचे झाले ५४० लिटर. म्हणजे छोटा हौद घरच्या एका दिवसाच्या पाण्यात बसतो, पण मोठा हौद आठ दिवसांचं पाणी पितो. आणि खेड्यांत घराघरांत नळ देणाऱ्या जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटरचं आहे. तिथल्या एका माणसाला मोठ्या हौदाचं पाणी ७७ दिवस पुरलं असतं.

२०१६ सालचा उन्हाळा तुमच्या आई-बाबांना आठवत असेल. तेव्हा लातूर शहराची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. १२ एप्रिलला पहिली गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. ज्या गावात टँकर येतो, तिथे मोठा हौद भरणं शोभत नाही. त्यात तुम्हांलाही मजा येणार नाही, कारण शेजारच्या काकू हंडा घेऊन रांगेत उभ्या असतील.

छोट्या हौदाचं पाणी मात्र वाया जात नाही. त्यात क्लोरीन घातलेला नसेल तर संध्याकाळी तेच पाणी झाडांना घाला, अंगण धुवा, संडासात वापरा. एकच पाणी दोनदा कामाला आलं!

निळं दिसतं म्हणून स्वच्छ नसतं

हौदाचं पाणी निळं दिसतं ते बहुतेक वेळा हौदाच्या निळ्या रंगामुळे. त्यावरून स्वच्छता ठरवू नका. अंगावरचा घाम, माती, तेल आणि (हसू नका!) कुणीतरी गुपचूप केलेली शू, सगळं पाण्यात जातं. मोठ्या हौदात रोज पाणी बदलणं परवडत नाही, म्हणून त्यात लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन राखावा लागतो. त्याचा सामू, म्हणजे पी.एच., ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवावा लागतो आणि तो रोज पट्टीने तपासावा लागतो. कडक उन्हात क्लोरीन भराभर कमी होतो. गाळणीचा पंपही चालवावा लागतो. हे सगळं काम मोठ्यांचं. क्लोरीनच्या पावडरीला तुम्ही हात लावायचा नाही. आणि मोठ्यांनीही ती ॲसिड किंवा दुसऱ्या साफ करण्याच्या द्रवात कधीच मिसळायची नाही, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

एक गंमत सांगते. तलावावर गेलं की नाकाला झोंबणारा जो वास येतो, त्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो. पण तो असतो क्लोरामाइन्सचा. क्लोरीन आणि घाम-लघवी यांच्या संयोगातून ती तयार होतात आणि डोळे चुरचुरतात तेही बरंचसं त्यांच्यामुळेच. म्हणून हौदात उतरण्याआधी साबण लावून अंघोळ करायची आणि शू करून यायची!

छोट्या हौदाचा नियम सोपा आहे: सकाळी भरा, संध्याकाळी रिकामा करा, पुसून उलटा ठेवा. साठलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस डास अंडी घालतो. डेंगू पसरवणारा तो हाच. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. आरोग्य खातं आठवड्यातून एक "कोरडा दिवस" पाळायला सांगतं ते यासाठीच. आपल्या छोट्या हौदाला तर रोजची संध्याकाळ कोरडी!

आई-बाबा, हा भाग तुमच्यासाठी

मुलांनो, हा भाग मोठ्याने वाचून दाखवा.

वर्षा-दोन वर्षांचं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. त्याचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. ते पालथं पडलं तर त्याला उठता येत नाही. आणि बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, हात हलवत नाही. बहुतेक वेळा सगळं मुकाट्याने घडतं, एखाद-दोन मिनिटांत. "मी इथेच तर होते, फक्त फोन घ्यायला आत गेले" एवढा वेळ पुरतो.

अमेरिकेत चार फूट उंचीची भिंत असली की लहान मूल आत जाणार नाही, असं पुष्कळजण समजत. पण काही हौदांना बाहेरून, पायांभोवती एक पट्टा गुंडाळलेला असे. त्या पट्ट्यावर पाय ठेवून चिमुकली मुलं वर चढली. २००७ ते २०२२ या काळात अशा प्रकारे नऊ मुलं दगावल्याची नोंद झाली. सगळ्यांत मोठं मूल तीन वर्षांचं होतं. जुलै २०२५ मध्ये तिथे असे सुमारे ५० लाख हौद दुरुस्तीसाठी "रिकॉल" करण्यात आले. यावरून धडा घ्यायचा तो हा: हौद घेताना बाहेरून चढायला पाय ठेवण्याजोगी जागा आहे का, ते स्वतः बसून, लहान मुलाच्या उंचीवरून बघा. जवळ खुर्ची, बादली, कुंडी ठेवू नका. शिडी असेल तर खेळ संपताच ती काढून आत न्या.

म्हणून घरात एक "पाणीराखा" नेमा. तो मोठा माणूसच हवा. हाताच्या अंतरावर बसायचं, फोन बाजूला, वर्तमानपत्र बाजूला. त्याला उठायचं असेल तर दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगून, नाहीतर सगळ्यांना बाहेर काढून. दादा-ताईवर धाकट्यांची जबाबदारी टाकू नका. तेही मूलच आहेत.

पंप असेल तर त्याच्या वायरी आणि जोडण्या पाण्यापासून दूर, आणि घरात शॉक लागताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच (आर.सी.सी.बी.) बसवलेला हवा. हौदात सूर मारायचा नाही. ६० सेंटिमीटर पाण्यात डोकं आधी गेलं तर मानेला कायमची इजा होऊ शकते. आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा.

तर मग कोणता घ्यायचा?

आता तुम्हीच ठरवू शकाल. घरात पाच वर्षांच्या आतलं भावंड आहे, पाणी तासा-दोन तासांचंच येतं, किंवा रोज देखभाल करायला कुणाला सवड नाही? मग छोटा फुगवायचा हौद घ्या. वर रेघ मारा आणि रेघेच्या वर पाणी भरायचं नाही. इंजिनिअरने गच्चीला होकार दिला असेल, तर रेघ तो सांगेल तिथेच. हौद कितीही उंच असला तरी पाणी कुठवर भरायचं ते आपल्या हातात असतं.

सपाट अंगण आहे, विहिरीला उन्हाळ्यातही भरपूर पाणी असतं, मुलं मोठी आहेत आणि रोज पाणी तपासणारं कुणीतरी आहे? मग मोठ्या हौदाचा विचार करायला हरकत नाही. त्यातही सांगाड्याचा हौद जास्त भरवशाचा.

आणि पोहायला शिकायचं असेल? मग दोन्ही नकोत! ६० सेंटिमीटर पाण्यात डुंबता येतं, पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढता येतात, पण पोहणं येत नाही. पूर्वी आपल्याकडे मुलांच्या पाठीला डबा नाहीतर सुके भोपळे बांधून विहिरीत उतरवत, आणि काठावर एक पट्टीचा पोहणारा उभा असे. आज पुण्यात टिळक तलाव आहे, दादरला महात्मा गांधी जलतरण तलाव आहे, तुमच्या शहरातही नगरपालिकेचा तलाव असेल. हौदासाठी साठवलेले पैसे तिथल्या शिकवणीला द्या. घरचा हौद दोन-चार उन्हाळ्यांत फाटेल, पण आलेलं पोहणं जन्मभर पुरेल.

डोकं चालवा

एक चौकोनी हौद २ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे. त्यात ३० सेंटिमीटर पाणी भरलं. तर (१) पाणी किती लिटर? (२) चौरस मीटरला भार किती? (३) १५ लिटरच्या बादल्या किती? (४) गच्चीच्या मानकात हा भार बसतो का?

उत्तरं आधी स्वतः काढा, मगच खाली बघा. आणि हो, आई-बाबांपुढे हट्ट मांडताना हा कागद सोबत न्या. "हवाच!" पेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल, बघा!

(उत्तरं: १. ९०० लिटर. २. ३०० किलो. ३. ६० बादल्या. ४. नाही, दुप्पट होतो.)